घरातल्या बोलण्याचा सूर

1950च्या दशकात इंग्लंडमध्ये नवी औषधं आली आणि स्किझोफ्रेनियाचे रुग्ण मनोरुग्णालयातून घरी परतू लागले. त्यांचं पुढे काय झालं, हे पाहताना समाजशास्त्रज्ञ जॉर्ज ब्राऊन चक्रावले. आईवडिलांकडे किंवा बायकोकडे गेलेल्यांचा आजार, भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांपेक्षा जास्त वेळा उलटत होता.

म्हणजे माया बाधते? तसं नव्हतं. नातेवाइकांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करून त्यातले टीकेचे शेरे, राग आणि अतिकाळजी मोजली गेली. शब्दांइतकाच सूर महत्त्वाचा होता. 1976मध्ये संशोधक क्रिस्टिन वॉन आणि ज्युलियन लेफ यांनी आकडे मांडले. ज्या घरांत हे प्रमाण कमी होतं, तिथे नऊ महिन्यांत 13 टक्के रुग्णांचा आजार उलटला. जिथे जास्त होतं, तिथे 51 टक्के.

हे घडतं कसं? उत्साह आटणं, अंघोळीचाही कंटाळा येणं हा या आजाराचाच भाग असतो. घरच्यांना तो आळस वाटतो. "किती लोळशील?" हे रोज ऐकून ताण वाढतो. ताणाने झोप उडते, संशय बळावतो, कानातले आवाज वाढतात. ते पाहून घरचे घाबरतात आणि आणखी बोलतात. आजाराला घर जबाबदार आहे, असा याचा अर्थ मुळीच नाही. चक्र दोन्ही बाजूंनी फिरतं, आणि थकलेल्या आईला दोष देणं मला क्रूर वाटतं.

अतिकाळजीचं नुकसान लवकर दिसत नाही. मुलाला एकट्याने दूध आणायलाही पाठवलं नाही, की 'मला जमतं' हा विश्वासच जातो. आजारातून सावरण्याचं बळ अशाच कामांतून येतं: पिशवी घेऊन जाणं, सुटे पैसे मोजून आणणं, चुकलं तर उद्या पुन्हा जाणं.

घरच्यांनाही आधार लागतो. पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनच्या स्वमदत गटात शुभंकर, म्हणजे सांभाळ करणारे, एकमेकांशी मोकळेपणाने बोलतात. आपलाच मुलगा असा का, हा प्रश्न तिथे एकट्याचा राहत नाही. मन हलकं झालेला माणूस घरी कमी चिडतो.

औषधं अर्थातच चालू हवीत. पण आजार उलटण्याआधी बहुधा झोप बिघडते, आणि हे आधी कळतं ते शुभार्थीला, म्हणजे खुद्द आजारी माणसाला. "दोन रात्री डोळा लागला नाही, आवाज वाढलेत," हे ओरडा खाण्याची भीती न बाळगता त्याला सांगता आलं, तर डॉक्टरांना वेळेत गाठता येतं. अनेकदा गोळीची मात्रा बदलून भागतं, रुग्णालयात दाखल व्हावं लागत नाही.