अनाहाइमचे दोन दरवाजे

अनाहाइमच्या या पटांगणात उत्तरेकडे तोंड करून उभं राहिलं की समोर डिस्नीलँडचं फाटक दिसतं. जागच्या जागी पाठ फिरवली की दक्षिणेला डिस्नी कॅलिफोर्निया अ‍ॅडव्हेंचरचं. एका फाटकापासून दुसऱ्यापर्यंत चालत दोन-तीन मिनिटं. सकाळी आठला इथे बाबागाड्यांची दाटी असते, आणि सुट्टीच्या दिवसांत त्या गर्दीत मराठी हमखास कानावर येतं. मुलीकडे सहा महिने राहायला आलेले आईबाबा, सॅक पाठीला लावून दहा पावलं पुढे गेलेला जावई, आणि मागून हाक, "अहो, तिकिटं तुमच्याकडेच आहेत ना?"

त्या वेळी प्रत्येकाच्या डोक्यात आतल्या राइड्स असतात. कोणती आधी करायची, कुठे रांग कमी असेल. मला मात्र या दोन फाटकांमधल्या जागेतून पाय निघत नाही. थीम पार्कचा दिवस कसा जाणार, याचा निम्मा निकाल पहिल्या दोन-तीनशे पावलांत लागतो असं मला वाटतं, आणि ते पडताळून पाहायला जगात याहून चांगली जागा नसेल. दोन्ही दरवाजे एकाच कंपनीचे. उत्तरेकडचा 1955 पासून तसाच चालू आहे. दक्षिणेकडचा 2001 मध्ये उघडला आणि अकरा वर्षांत पार बदलून नव्याने बांधावा लागला.

आधी उत्तरेकडचा. तिकीट दाखवून आत गेलं की समोर चढावर फुलांनी रेखलेला मिकीचा चेहरा, त्याच्या वर लाल विटांचं रेल्वे स्टेशन. नशीब असेल तर त्याच वेळी वाफेचं इंजिन शिट्टी देत येतं. इथे सगळे फोटो काढायला थांबतात आणि एक गोष्ट कोणाच्या लक्षात येत नाही. ज्या राजवाड्याचं चित्र घरून निघताना डोळ्यांसमोर असतं, तो इथून दिसतच नाही. स्टेशन आणि त्याच्या दोन्ही अंगांना पसरलेला मातीचा बांध आडवे येतात. हा बांध पार्कच्या बहुतेक भागाभोवती फिरतो, त्यावरून आगगाडी धावते, आणि आत शिरायचं तर बांधाखालच्या दोन बोगद्यांपैकी एकातून जावं लागतं.

बोगदा जेमतेम वीस-पंचवीस पावलांचा. कमानीवर एक पाटी आहे. इथून पुढे तुम्ही आजचा दिवस मागे ठेवून कालच्या, उद्याच्या आणि कल्पनेच्या जगात पाऊल टाकता, अशा अर्थाचा तिचा मजकूर. आत गारवा असतो, सावली असते. दोन्ही भिंतींवर आतल्या राइड्सची मोठी रंगीत पोस्टर लावलेली, जुन्या चित्रपटगृहाच्या व्हरांड्यात असायची तशी. बाहेर चढ्या आवाजात चाललेलं बोलणं इथे घुमतं आणि माणसं आपोआप आवाज खाली आणतात. एका आजींना मी नातवाचं बोट धरून इथे थांबलेलं पाहिलं. उन्हातून आल्यामुळे त्यांना क्षणभर नीट दिसेना. नातू ओढत होता, त्या म्हणाल्या, "थांब रे, डोळे सरावू देत." आणि मग बोगद्याच्या दुसऱ्या तोंडातून चौकातला उजेड, घोड्याच्या ट्रामची घंटा आणि पॉपकॉर्नचा वास एकदम अंगावर आला.

डोळे सरावू देत. हा बोगदा त्याचसाठी आहे.

आपल्याला यात नवं काही वाटू नये. वाड्यात शिरताना दिंडी दरवाजातून वाकायचं, देवडीच्या अंधारातून जायचं आणि मग चौकातल्या उजेडात यायचं, ही चाल आपल्या अंगवळणी पडलेली होती. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजातून आत गेलं की वाट सरळ जात नाही, वळते. रायगडाचा महादरवाजा दोन बुरुजांच्या कुशीत असा बसवलाय की जवळ जाईपर्यंत दिसत नाही. तिथे कारण शत्रूचं होतं, इथे करमणुकीचं. पण आधी बाहेरचं जग मिटतं आणि मगच आतलं उघडतं, हे शरीराला दोन्हीकडे सारखंच कळतं.

वॉल्ट डिस्नींना हे पटवून देणं सोपं गेलं नाही. नोव्हेंबर 1953 मध्ये शिकागोत करमणूक-बागांच्या धंद्यातल्या लोकांचं अधिवेशन भरलं होतं. डिस्नींसाठी जागेचा आणि खर्चाचा अभ्यास करणारे स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटचे हॅरिसन प्राइस आणि त्यांचे सहकारी आराखडा घेऊन तिथे गेले आणि त्यांनी काही मुरलेल्या मालकांना तो दाखवला. मालकांनी जवळजवळ प्रत्येक गोष्टीवर काट मारली. एकच फाटक ठेवलंत तर कोंडी होईल, चारी बाजूंनी दारं ठेवा. चौक, राजवाडा यांतून दमडी सुटणार नाही, मग ते बांधताच कशाला? प्राइस यांनी हे सगळं पुढे लिहून ठेवलं. धंद्याच्या हिशेबाने त्या मालकांचं म्हणणं चूक नव्हतं. गर्दीची सोय आणि गल्ला एवढंच पाहायचं तर चार दारं बरीच.

डिस्नींना मात्र प्रत्येक माणसाचा दिवस एकाच ठिकाणी सुरू व्हायला हवा होता. सिनेमा मध्येच कुठून तरी बघायला बसता येत नाही, तसं. हाताखालची माणसंही स्टुडिओतली होती. हार्पर गॉफ सिनेमाचे सेट उभारणारे, जॉन हेंच अ‍ॅनिमेशनमधले चित्रकार. एका दृश्यातून दुसऱ्यात प्रेक्षकाला झटका न बसता कसं न्यायचं, हे त्यांचं रोजचं काम. आणि म्हणून 160 एकर संत्र्याच्या बागा तोडून, वर्षभरात, 1 कोटी 70 लाख डॉलर खर्चून जे उभं राहिलं आणि 17 जुलै 1955 ला उघडलं, त्याला एकच मुख्य दार होतं.

बोगद्यापलीकडची मेन स्ट्रीट म्हणजे विसाव्या शतकाच्या सुरुवातीचं अमेरिकेतलं एक छोटं गाव. मिझुरीतल्या मार्सेलिनमध्ये वॉल्ट यांच्या लहानपणाची 1906 पासूनची चार-पाच वर्षं गेली, त्याची आठवण त्यात आहे. नगरभवनाचा चेहरा मात्र गॉफ यांच्या गावाहून, कोलोरॅडोतल्या फोर्ट कॉलिन्सहून आला. या रस्त्यावर अंगावर काटा आणणारी एकही राइड नाही. टोप्यांचं दुकान, मिठाईचं दुकान, अग्निशमन केंद्र. इमारतींचे वरचे मजले खालच्यापेक्षा लहान मापाने बांधलेत, त्यामुळे त्या असतात त्याहून उंच दिसतात, आणि तरी माणूस त्यांच्यापुढे खुजा वाटत नाही. रस्त्याच्या टोकाला अखेर राजवाडा दिसतो. तो अवघा 77 फुटांचा आहे. फ्लोरिडातल्या डिस्नी पार्कमधला 189 फुटांचा आहे. पण बोगद्यातून, चौकातून आणि दुकानांच्या दोन रांगांमधून नजर त्याच्यापर्यंत पोचते तेव्हा तो पुरेसा दूर आणि पुरेसा मोठा वाटतो. मी फूटपट्टी घेऊन गेलो असतो तरी मला तो लहान वाटला नसता.

सकाळी राइड्स सुरू होण्याआधीच लोकांना या रस्त्यापर्यंत सोडतात. बाहेर ताटकळण्याऐवजी माणसं इथे कॉफी घेत, खिडक्या बघत उभी असतात. रात्री राइड्स बंद झाल्यावरही दुकानं काही वेळ उघडी असतात आणि सगळी गर्दी पुन्हा इथूनच बाहेर पडते. एक दार असण्याचा धंद्यालाही फायदाच झाला, कारण जाणारा प्रत्येकजण दुकानांवरूनच जातो. चौकातल्या अग्निशमन केंद्राच्या वर वॉल्ट यांची राहायची खोली होती. डिसेंबर 1966 मध्ये ते गेले, तेव्हापासून त्या खिडकीत दिवा ठेवतात. रात्री बाहेर पडताना मान वर करून पाहिलं तर दिसतो.

आता पटांगण ओलांडून दक्षिणेकडे.

आपण ज्यावर चालतोय तिथे नव्वदच्या दशकापर्यंत डिस्नीलँडचा वाहनतळ होता. त्याच जमिनीवर 8 फेब्रुवारी 2001 ला कॅलिफोर्निया अ‍ॅडव्हेंचर उघडलं. त्या वेळच्या दाराची कल्पना अशी होती की माणसाने एका भल्यामोठ्या पोस्टकार्डात शिरावं. पुढे साडेअकरा फुटी अक्षरांत राज्याचं नाव. दोन्ही बाजूंना सिरॅमिकच्या फरश्यांची भित्तिचित्रं. मागे गोल्डन गेट पुलाची लहान प्रतिकृती, तिच्यावरून मोनोरेल. पुलाखालून गेलं की मोकळं पटांगण आणि त्यात टायटॅनियमचा चकाकता सूर्य. खऱ्या सूर्याचं ऊन त्याच्या तोंडावर नीट पडावं म्हणून, सूर्याबरोबर फिरणारे आरसे बसवावे लागले होते.

सुटं सुटं पाहिलं तर यातलं काहीच वाईट नव्हतं. भित्तिचित्रांवर कारागिरांनी किती मेहनत घेतली असेल ते जुन्या फोटोंतही कळतं. पण पोस्टकार्ड लांबून बघायची वस्तू आहे. पटांगणात उभ्या असलेल्या माणसाला अक्षरं, भित्तिचित्रं, पूल, सगळं एका नजरेत दिसून जायचं आणि आत गेल्यावर उलगडायला काही उरायचं नाही. देवडी नाही, वळण नाही, डोळे सरावायला सावली नाही. बाहेर कॅलिफोर्नियाचं ऊन आणि आत धातूचा सूर्य. येणाऱ्यांत कॅलिफोर्नियातच राहणारे पुष्कळ. त्यांना कॅलिफोर्नियाचं चित्र दाखवून कुठे नेणार होते? पाठीमागे, दोन-तीन मिनिटांच्या अंतरावर, कसं करायचं ते 46 वर्षं चालू होतं, आणि तरी हे झालं, याचं मला अजून वाईट वाटतं.

पहिल्या वर्षी 70 लाख लोकांची अपेक्षा होती, आले सुमारे 50 लाख. ते सगळं दाराच्या माथी मारणं बरोबर नाही. राइड्स कमी होत्या, लहान मुलांसाठी तर फारच कमी. शिवाय त्या वर्षीच्या 11 सप्टेंबरच्या दहशतवादी हल्ल्यांनंतर अमेरिकेत लोकांनी प्रवासच आवरता घेतला. पण 2007 मध्ये 1.1 अब्ज डॉलर खर्चून पार्क दुरुस्त करायचं ठरलं, तेव्हा नव्या राइड्सबरोबर दारही मुळापासून काढायचं ठरलं, हे बोलकं आहे.

15 जून 2012 ला इथे बुएना व्हिस्टा स्ट्रीट उघडली. आताच्या फाटकाचे हिरवट, पंखांसारखे उंच खांब लॉस एंजेलिसच्या पॅन-पॅसिफिक ऑडिटोरियमवरून घेतलेत. 1935 मध्ये बांधलेली ती इमारत 1989 मध्ये जळून गेली. गोल्डन गेटच्या जागी दगडी चणीचा वाटावा असा पूल आला. मोनोरेल त्यावरून तशीच जाते, पण आता त्याच्या कमानीखालून जाताना डोक्यावर सावली येते. पुढे विशी-तिशीच्या दशकांतलं लॉस एंजेलिस, म्हणजे 1923 मध्ये तरुण वॉल्ट जिथे नशीब काढायला आले ते शहर. सूर्य होता तिथे कार्थे सर्कल थिएटरचा मनोरा उभा केलाय. याच थिएटरात 21 डिसेंबर 1937 ला 'स्नो व्हाइट'चा पहिला खेळ झाला होता. मूळ इमारत 1969 मध्ये पाडली गेली.

एका मोठ्या दुकानाच्या पाटीवर 'इलायस' हे नाव आहे. ते वॉल्ट यांच्या वडिलांचं, आणि त्यांचं स्वतःचं मधलं नावही तेच. हे ठाऊक नसलं तरी बिघडत नाही. इथे कोणी तरी राहतं, दुकान चालवतं, असं वाटण्यापुरती ती पाटी खरी आहे. रस्त्यावर प्रवासाच्या बॅगेसह तरुण वॉल्ट यांचा पुतळा आहे, शेजारी मिकी. त्याला उंच चौथरा नाही. मुलं सरळ जाऊन त्या बॅगेला हात लावतात, त्या मापाच्या जागी तो ठेवलाय.

त्या वर्षी इथली गर्दी अंदाजे 77 लाखांवर गेली. त्याच दिवशी कार्स लँड हा मोठा नवा भागही उघडला होता, त्यामुळे श्रेय वाटूनच घ्यावं लागेल. पण लोक आता या रस्त्यावर बाकावर बसतात, आइस्क्रीम खातात, नातवाला मांडीवर घेऊन कुठलीच घाई नसल्यासारखे समोरचं बघत राहतात. सूर्याच्या पटांगणात थांबण्यासारखं काही नव्हतं. लोक ते ओलांडून पुढे जायचे.

ती साडेअकरा फुटी अक्षरं मोडीत गेली नाहीत. ती सॅक्रामेंटोला, राज्याची जत्रा भरते त्या मैदानाला देण्यात आली आणि आता तिथल्या दाराशी उभी आहेत. तिथे ती शोभतात. जत्रेला निघालेल्या माणसाला दार लांबूनच दिसायला हवं.