स्वप्नाचं फळ आणि स्वप्न पाहणारा

२०१७च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यातल्या कपाशीवर गुलाबी बोंडअळी आली. त्याच वर्षी कार्तिकात माझे वडील हृदयविकाराच्या झटक्यानं गेले. तेरवी आटोपून आठवडा झाला असेल. सकाळी चुलीपाशी बसलेली आई म्हणाली, "बाबू, तुहे बाबा राती सपनात आले होते. पानी मांगत होते."

तेच स्वप्न तिला पुन्हा दोनदा पडलं. भावकीत चर्चा झाली आणि निर्णयही झाला. जीव अडकला आहे, नदीवर मोठा विधी करावा लागेल. घरात कापसाची एकच वेचणी आलेली, तीही किडकी. पीककर्ज थकलेलं. विधीसाठी पैसे उसने काढावे लागणार होते. मी शिक्षक, त्यामुळे माझं मत विचारण्यात आलं. मला उत्तर देता येईना. हे स्वप्न नेमकं कोणत्या प्रकारचं, हेच मला ठाऊक नव्हतं. तिथून या विषयाचं वाचन सुरू झालं.

आपल्या भाषेनं स्वप्नांची वर्गवारी आधीच करून ठेवली आहे. देव स्वप्नात येऊन काही सांगून गेला तर तो 'दृष्टांत'. डोळा लागता लागता काही दिसलं तर तो 'भास'. जागेपणी रंगवलेलं सुख म्हणजे 'मनोराज्य', आणि त्याची थट्टा करायची तर 'मनातले मांडे'. रात्रीच्या बऱ्याच स्वप्नांना आपण 'मनी वसे ते स्वप्नी दिसे' एवढ्यावर निकाली काढतो. एवढे शब्द असूनही आपला प्रश्न मात्र ठरलेला असतो : याचं फळ काय?

चरकसंहितेच्या इंद्रियस्थानात स्वप्नांचे सात प्रकार सांगितले आहेत. पाहिलेल्या गोष्टींचं ते दृष्ट, ऐकलेल्यांचं श्रुत, अनुभवलेल्यांचं अनुभूत, इच्छिलेल्यांचं प्रार्थित आणि कल्पनेनं रचलेलं ते कल्पित. पुढचं घडणारं सुचवणारं ते भाविक, आणि वात-पित्त-कफाच्या बिघाडातून येणारं ते दोषज. यांपैकी पहिले पाच प्रकार वैद्यानं निष्फळ समजावेत, असं ग्रंथ सांगतो. दिवसा पडलेलं, फार लहान किंवा फार लांबलेलं स्वप्नही त्यानं निष्फळ मानलं आहे. म्हणजे ज्या परंपरेच्या नावानं आपण प्रत्येक स्वप्नाचं फळ शोधतो, त्याच परंपरेतला वैद्य बहुतेक स्वप्नांना फळच नाही म्हणतो. शिवाय इंद्रियस्थान हा भाग रोग्याची लक्षणं पाहून पुढचा अंदाज बांधण्याचा आहे. स्वप्न तिथं येतं ते रोग्याच्या अवस्थेची खूण म्हणून.

मग दृष्टांताचं काय? तुकोबांना बाबाजी चैतन्यांचा उपदेश स्वप्नात झाला. नामदेव पांडुरंगासह स्वप्नात आले आणि त्यांनी कवित्वाची आज्ञा केली, हेही तुकोबाच सांगतात. संत बहिणाबाईंनी आपल्या आत्मचरित्रपर अभंगांत तुकोबांचा अनुग्रह स्वप्नात झाल्याचं लिहिलं आहे. तेव्हा त्या कोल्हापुरात होत्या आणि तुकोबांना त्यांनी पाहिलेलं नव्हतं. जयरामस्वामींच्या कीर्तनात तुकोबांचे अभंग मात्र ऐकले होते, भेटीची तळमळही होती. चरकाच्या वर्गवारीत हे स्वप्न श्रुत आणि प्रार्थित ठरेल, म्हणजे निष्फळ. पण बहिणाबाईंनी त्या स्वप्नाभोवती सगळं आयुष्य उभं केलं. फळ स्वप्नात नव्हतं, ते त्यांनी जागेपणी पिकवलं. म्हणून वर्गवारी करताना स्वप्न कशातून आलं हे जसं पाहावं, तसं माणसानं त्याचं पुढं काय केलं हेही पाहावं.

आधुनिक विज्ञानाला झोपेतल्या स्वप्नाची वेळ सापडली ती १९५३ साली. शिकागो विद्यापीठात युजीन ॲसेरिन्स्की आणि नथॅनिएल क्लाइटमन यांनी झोपेचा एक वेगळा टप्पा नोंदवला. त्यात बंद पापण्यांआड बुबुळं वेगानं हलतात. अशा वेळी माणसाला उठवलं तर तो बहुधा स्वप्न सांगतो. साधारण दर दीड तासानं हा टप्पा येतो, म्हणजे रात्रीतून चार-पाच वेळा. पहिला टप्पा काही मिनिटांचा असतो, पहाटेचा सर्वांत लांब. इतर टप्प्यांतही स्वप्नं पडतात, पण ती सहसा फिकी असतात. पहाटेचं स्वप्न खरं होतं या समजुतीचा उगम मला इथं दिसतो. ते अधिक ठळक असतं, आपण त्यातूनच जागे होतो, म्हणून ते लक्षात राहतं. लक्षात राहिलेलंच पुढं पडताळून पाहता येतं.

या टप्प्यात शरीराचे बहुतेक स्नायू सैल पडलेले असतात, आपण स्वप्नात धावलो तरी पाय हलत नाहीत. कधी मेंदू जागा होतो आणि स्नायू मागे राहतात. माणसाला खोली दिसते, पण हात उचलत नाही, आवाज फुटत नाही, छातीवर कुणी बसल्यासारखं वाटतं. गावात याला भुताची बाधा म्हणतात. खरं तर ही काही क्षणांची किंवा मिनिटांची अवस्था आहे आणि ती आपोआप ओसरते. लहान मूल रात्रीच्या पहिल्या प्रहरात किंचाळून उठतं आणि सकाळी त्याला काहीच आठवत नाही, तो प्रकार आणखी वेगळा. तो गाढ झोपेतला असतो. दुःस्वप्न मात्र बहुधा उत्तररात्री येतं आणि स्पष्ट आठवतं.

आता जागेपणीची स्वप्नं. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेरोम सिंगर यांनी दिवास्वप्नांचा दीर्घकाळ अभ्यास केला आणि तीन तऱ्हा सांगितल्या. पहिली आनंदाची, काही रचणारी. दुसरी अपराधाची आणि अपयशाच्या धास्तीची. तिसरीत मन कशावरच टिकत नाही. दिवास्वप्न म्हटलं की आपल्याला पहिलीच आठवते. दुसरीला आपण 'काळजी' म्हणतो आणि स्वप्नांच्या यादीतून वगळतो.

पहिलीलाही दोन बाजू आहेत. पंचतंत्रातल्या ब्राह्मणानं सातूच्या पिठाच्या मडक्याखाली पडून संसार रंगवला आणि लाथ मारून मडकं फोडलं. गॅब्रिएल ओटिंगन यांचे प्रयोग जवळपास हेच सांगतात : नुसतं सुखद चित्र रंगवलं तर ते मिळवण्याची उमेद कमी होते. चित्राशेजारी वाटेतला अडथळाही मांडला, तर स्वप्न शक्य आहे की नाही ते कळतं आणि माणूस त्याप्रमाणे हालचाल करतो. आमच्या जिल्ह्याचं रेल्वेचं स्वप्न याचं उदाहरण म्हणता येईल. यवतमाळ-मूर्तिजापूर या अरुंद मार्गावरची शकुंतला बंद पडली, पण वर्धा-यवतमाळ-नांदेड या ब्रॉडगेज मार्गाचं स्वप्न लोकांनी सोडलं नाही. त्याला सर्वेक्षण, भूसंपादन, पूल असे अडथळे जोडले गेले. फेब्रुवारी २०२४ मध्ये वर्धा ते कळंब हा टप्पा सुरू झाला. स्वप्न अजून अपुरं आहे, पण त्याचे रूळ मोजता येतात.

शेतकऱ्याचं जूनमधलं स्वप्न या दोन्हींच्या मधलं असतं. वडिलांच्या मागं भिंतीवरचं कॅलेंडर काढलं, तेव्हा जून महिन्याच्या पानामागं त्यांचा हिशेब सापडला. एकरी आठ क्विंटल, त्याला भावानं गुणलेलं. खाली दोनच ओळी : मोटर, स्लॅब. याला मनातले मांडे म्हणण्याची माझी हिंमत होत नाही. गुणाकार बरोबर होता. अडथळ्यांत खत, मजुरी, फवारणी सगळं मांडलेलं होतं. बोंडअळी तेवढी नव्हती.

ऑक्टोबरपासून ते रात्री दचकून उठत. आम्ही विचारलं तर "काही नाही, सपन पडलं" म्हणत. आम्हीही "पाणी प्या, झोपा" म्हणून कूस बदलत होतो. त्यांना काय दिसत होतं, हे कुणीच विचारलं नाही. मी तर 'मनी वसे' म्हणून मोकळा झालो होतो. मनी काय वसलं आहे, हा पुढचा प्रश्न मी केलाच नाही.

या जिल्ह्यात हा प्रश्न किरकोळ नाही. वारंवार येणारी दुःस्वप्नं आणि आत्महत्येचे विचार यांचा संबंध अनेक अभ्यासांत आढळला आहे. नैराश्य ओळखण्यासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या पीएचक्यू-९ या प्रश्नावलीत झोपेबद्दल प्रश्न आहे, स्वप्नाबद्दल नाही. तो घरच्यांनीच विचारायला हवा. दुःस्वप्नांवर उपचारही आहे. बॅरी क्रॅकाव आणि सहकाऱ्यांनी २००१ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. दुःस्वप्न जागेपणी आठवायचं, ते हवं तसं बदलायचं आणि बदललेलं चित्र रोज थोडा वेळ डोळ्यांपुढं आणायचं. अनेकांची दुःस्वप्नं यानं कमी झाली. ज्याला कुणाशी बोलायचं आहे, त्याच्यासाठी शासनाची टेलि-मानस ही विनाशुल्क सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे.

भावकीला उत्तर देण्याआधी मी आईला विचारलं, "स्वप्नात बाबा कुठं असतात?"

"खाटेच्या कडीले बसले रायते," ती म्हणाली. "पानी दे व, म्हनते."

"अजून काही?"

ती थोडा वेळ गप्प राहिली. "काई नाई. मरायच्या आंधी रोज राती उठून मांगत, तसंच."

चरकाच्या यादीतलं ते तिसरं होतं, अनुभूत. त्यात निरोप नव्हता, तर दोन महिन्यांच्या रात्री होत्या. ज्या वेळी ती उठून पाणी द्यायची, त्या वेळी तिचं शरीर अजून जागं होत होतं. भावकीला मी एवढंच सांगितलं की आई त्यांना अजून पाणी देते आहे, नदीवर जायची गरज नाही. कर्ज काढलं नाही. काहींना ते पटलं नाही, अजूनही नाही.

आई त्या रात्रीपासून उशाशी तांब्या भरून ठेवू लागली. स्वप्न थांबलं का, हे मी पुढं विचारत राहिलो. कधी येतं म्हणायची, कधी नाही. तांब्या अजूनही असतो. पण आता तिला स्वप्न पडलं की ती सकाळी आपणहून सांगते, आणि मी सगळं ऐकून घेतो. फळ विचारत नाही.