विम्याचे कार्ड आहे. पण बाळाची तपासणी झाली का?

दवाखान्यात वारंवार दिसणारे हे दृश्य आहे. सात-आठ महिन्यांचे बाळ अंगावर पिताना धापा टाकते, कपाळाला घाम येतो, मध्येच दूध सोडून रडू लागते. वजन वाढत नाही. न्यूमोनिया दोनदा होऊन गेलेला. घरची मंडळी म्हणतात, "अंगकाठीच बारीक आहे, दात येताना होते असे." डॉक्टरांना तपासताना हृदयाचा वेगळा आवाज ऐकू येतो आणि हृदयाला छिद्र असल्याची शंका येते. मग वडिलांचा पहिला प्रश्न असतो, "डॉक्टरसाहेब, खर्च किती येईल?"

या प्रश्नाचे उत्तर गेल्या काही वर्षांत पुष्कळ बदलले आहे.

पाचाचे बंधन गेले

२००८ साली दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांसाठी राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजना आली. तिची मर्यादा वर्षाला ३० हजार रुपये आणि कुटुंबातील फक्त पाच जणांची होती. घरात आजी-आजोबा आणि तीन मुले असली, तर नोंदणीच्या वेळी कोणाला तरी वगळावेच लागे. महाराष्ट्रात २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झालेली जीवनदायी योजना पुढच्या वर्षी राज्यभर गेली. तीत दीड लाखापर्यंतचे उपचार होत. तीच २०१७ पासून महात्मा फुले जन आरोग्य योजना. २३ सप्टेंबर २०१८ रोजी आयुष्मान भारत योजना सुरू झाली. तीत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांचे संरक्षण मिळाले, आणि माणसे किती, ही अटच उरली नाही. घरातले शेवटचे मूलही त्यात आले. २०२४ पासून राज्याच्या योजनेची मर्यादाही पाच लाख झाली.

विमा कोठे थांबतो?

हे सारे खरे असले तरी या योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल झाल्यावरच्या उपचारांसाठी आहेत. मुलांची दुखणी मात्र बहुतेक दाखल न होणारी असतात. ताप, खोकला, जुलाब, रक्तक्षय, न वाढणारे वजन यांकडे कार्ड पाहत नाही. ते आई-वडिलांनीच पाहायचे असते.

हृदयातील लहान छिद्रे पुष्कळदा आपोआप बुजतात. मोठ्या छिद्राकडे मात्र वर्षानुवर्षे दुर्लक्ष झाले, तर फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांवर कायमचा ताण येतो. मग काही मुलांमध्ये शस्त्रक्रियाच करता येत नाही. खिशात पाच लाखांचे कार्ड असते, पण वेळ निघून गेलेली असते.

तपासणीची सोय गावातच

२०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची मोफत तपासणी होते. वैद्यकीय पथकाने अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळांत एकदा जावे, अशी व्यवस्था आहे. जन्मजात दोष, कमतरता, आजार आणि वाढीतील विलंब पाहून मुलाला पुढे पाठवले जाते. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका.

आई-वडिलांनी एवढे करावे

बाळाच्या जन्माची नोंद लगेच करून दाखला घ्यावा आणि रेशनकार्डावर नाव चढवावे. ऐन वेळी धावाधाव होते ती या कागदांसाठीच. अंगणवाडीत दर महिन्याला वजन करावे. दूध पिताना दम लागणे, ओठ निळसर होणे, वरचेवर न्यूमोनिया होणे, यांपैकी काही दिसल्यास त्वरित बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्र असतो. दाखल करण्यापूर्वी त्याला भेटावे. शस्त्रक्रियेनंतर बोलावलेल्या तारखा चुकवू नयेत.

विम्याने शस्त्रक्रियेचा खर्च उचलला, हे मोठेच काम झाले. पण आजार वेळेवर ओळखण्याचे काम कोणताही विमा करत नाही. ते घरातून आणि अंगणवाडीतूनच सुरू होते.