फोनची घडणावळ

आयफोन १७ प्रो हा फोन १९ सप्टेंबर २०२५ रोजी भारतात विक्रीस आला तेव्हा त्याच्या २५६ जीबी साठवणक्षमतेच्या, म्हणजे त्यातल्या त्यात स्वस्त प्रकाराची किंमत १,३४,९०० रुपये होती. तेवढ्याच साठवणक्षमतेचा साधा आयफोन १७ त्याच दिवशी ८२,९०० रुपयांना मिळत होता, आणि आदल्या वर्षीचा १२८ जीबीचा आयफोन १६ हा ६९,९०० रुपयांवर उतरला होता. मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलात एप्रिल २०२३ मध्ये सुरू झालेल्या ॲपलच्या दुकानाबाहेर त्या दिवशी पहाटेपासून रांग होती. या रांगेची छायाचित्रे दरवर्षी वृत्तपत्रांत येतात आणि त्यांवर दरवर्षी तीच थट्टा होते. परंतु दीड खोलीच्या घरात राहणाऱ्या, लोकलने प्रवास करणाऱ्या आणि महिन्याचा पगार हिशेबाने पुरवणाऱ्या गिरगाव, परळ किंवा लालबागच्या कुटुंबाने सव्वा लाखाच्या वरचा फोन घ्यावा की नाही, हा प्रश्न थट्टेने सुटणारा नाही, कारण तो फोन चांगला आहे की नाही याविषयी फारसा वाद नसून, साध्या आयफोन १७ पेक्षा वरच्या बावन्न हजारांत नेमके काय विकत मिळते आणि ते कोणाच्या उपयोगी पडते, एवढाच मुद्दा उरतो.

या किमतीतील पहिला वाटा सरकारचा आहे. मोबाइल फोनवरील वस्तू व सेवा कर, म्हणजे जीएसटी, जुलै २०१७ मध्ये १२ टक्के होता आणि १ एप्रिल २०२० पासून तो १८ टक्के झाला. त्यामुळे १,३४,९०० रुपयांतील सुमारे २०,५८० रुपये हा केवळ कर असतो आणि करापूर्वीची किंमत १,१४,३२० रुपयांच्या आसपास येते. अमेरिकेत हाच फोन करापूर्वी १,०९९ डॉलरला मिळत होता आणि त्या सुमाराच्या ८८ रुपयांच्या विनिमयदराने ही रक्कम ९६,७०० रुपये होते, म्हणजे कर बाजूला ठेवला तरी भारतीय ग्राहक साडेसतरा हजार रुपये अधिक मोजत होता. तयार फोनच्या आयातीवरील मूळ सीमाशुल्क २० टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर आणले गेले ते जुलै २०२४ मध्ये, आणि दरम्यान तमिळनाडू व कर्नाटकातील कारखान्यांत या फोनांची जुळणी मोठ्या प्रमाणावर होऊ लागली. तरीही भारतात जुळणी झाली की किंमत आपोआप खाली येईल ही अपेक्षा खरी ठरलेली नाही, कारण कंपनी किंमत ठरवते ती केवळ खर्चावरून नव्हे, तर ग्राहक किती द्यायला तयार आहे यावरूनही.

ग्राहकाची ही तयारी या शहरात टप्प्याटप्प्याने वाढत गेली आहे. १९९५ मध्ये मुंबईत मोबाइल सेवा सुरू झाली तेव्हा आलेला फोन घेण्यासाठीही पैसे पडत, त्यामुळे मोबाइल मोजक्यांच्याच हाती दिसे. २००३ च्या पावसाळ्यात रिलायन्सने ५०१ रुपये भरून हँडसेट हाती देणारी योजना आणली आणि फोन चाळीतल्या प्रत्येक बिऱ्हाडापर्यंत पोचण्याचा रस्ता मोकळा झाला. ऑगस्ट २००८ मध्ये भारतात आलेला पहिला आयफोन ३१,००० रुपयांचा होता आणि तेव्हा तो आकडा अवाढव्य वाटला होता.

साध्या आणि प्रो फोनमधील फरकाकडे वळल्यास प्रथम हे लक्षात येते की, काही वर्षांपूर्वी जे गुण केवळ महागड्या फोनांत असत ते आता खाली उतरले आहेत. पडद्यावरील चित्र सेकंदाला १२० वेळा बदलण्याची क्षमता, जिच्यामुळे बोटाने वर सरकवलेला मजकूर न थरथरता सरकतो, ती आता साध्या आयफोन १७ मध्येही आहे. भर उन्हात दादर स्थानकाच्या पुलावर पडदा वाचता येण्याइतका प्रकाशमान असणे, हाही गुण दोहोंत सारखाच आहे. प्रोसेसर, म्हणजे फोनची सारी आकडेमोड करणारी चिप, प्रो फोनमध्ये अधिक वेगवान असतो खरा, परंतु यूपीआयने भाजीचे पैसे देणे, एम-इंडिकेटरवर गाडीची वेळ पाहणे आणि व्हॉट्सॲपवर बोलणे या कामांसाठी पंचवीस हजारांच्या फोनातील चिपही गरजेपेक्षा अधिक वेगवान असते. अर्थशास्त्रात ज्याला घटती सीमांत उपयोगिता म्हणतात, म्हणजे एकाच गोष्टीची प्रत्येक पुढची भर आधीच्या भरीपेक्षा कमी समाधान देते, ते तत्त्व इथे पुरेपूर लागू पडते.

कॅमेऱ्याची गोष्ट मात्र वेगळी आहे, आणि ती समजून घेण्यासाठी परळ-लालबागहून चांगली जागा नाही. गणेशचतुर्थीच्या आधीच्या शनिवार-रविवारी परळच्या कार्यशाळांतून मोठ्या मूर्ती मंडपाकडे निघतात. १९२० साली स्थापन झालेल्या चिंचपोकळीच्या मंडळाच्या चिंतामणीचे आगमन पाहण्यासाठी तर रस्ता दोन्ही बाजूंनी भरून जातो आणि हजारो हात फोन घेऊन वर उठतात. अशा गर्दीत मूर्तीपासून पन्नास-साठ फुटांवर अडकलेल्या माणसाला चिंतामणीचे मुख टिपायचे असेल तर त्याला दोन मार्ग असतात. एक म्हणजे डिजिटल झूम, ज्यात फोन मूळ चित्राचा मधला तुकडा कापून मोठा करतो आणि त्यामुळे डोळ्यांची रेखणी व मुकुटावरील खडे पुसट होतात; दुसरा म्हणजे ऑप्टिकल झूम, ज्यासाठी अधिक नाभीय अंतराचे वेगळे भिंग फोनात बसवावे लागते आणि त्यामुळे दूरची वस्तू मुळातच मोठी टिपली जाते. साध्या आयफोन १७ मध्ये असे वेगळे दूरचे भिंग नाही. प्रो फोनमध्ये ते आहे आणि ते चौपट जवळ आणते. वरच्या बावन्न हजारांतील सर्वांत ठोस, हातात धरून दाखवता येण्याजोगा भाग कोणता असेल तर तो हाच.

रात्रीच्या चित्रांबाबत दावे फार होतात, म्हणून तेथे थोडे सावध राहिलेले बरे. अंधारात फोन एकामागून एक अनेक चित्रे घेऊन ती संगणनाने एकत्र करतो, आणि स्थिर देखाव्यापुरते हे तंत्र मध्यम किमतीच्या फोनांतही आता उत्तम चालते. परंतु ढोल-ताशा पथकातील हलणारे हात टिपायचे असतील तर ही जुळवाजुळव अपुरी पडते आणि प्रकाश गोळा करणारा संवेदक, म्हणजे सेन्सर, आकाराने मोठा असणेच कामी येते. आगमनाची रील्स आणि छायाचित्रे काढून त्यांवर मिळकत करणाऱ्या तरुणांची मोठी संख्या या भागात आहे आणि त्यांच्यासाठी हा खर्च धंद्याच्या हत्याराचा आहे. उलट, काढलेले चित्र घरच्या व्हॉट्सॲप गटावर टाकण्यापुरतेच ज्याचे छायाचित्रण आहे त्याने हे जाणून असावे की, हे ॲप नेहमीच्या पद्धतीने पाठवताना चित्र दाबून लहान करते, आणि मावशीच्या फोनवर पोचेपर्यंत सव्वा लाखाच्या आणि पंचवीस हजारांच्या फोनातील बराचसा फरक वाटेतच जिरून जातो.

पाण्याविषयीची हमीही नीट वाचून घेण्याजोगी आहे. आयपी६८ हे मानांकन फोन ठरावीक खोलीच्या पाण्यात ठरावीक वेळ तग धरतो असे सांगते, पण ही चाचणी प्रयोगशाळेतील स्थिर, गोड्या पाण्यात होते. अनंत चतुर्दशीला गिरगाव चौपाटीच्या खाऱ्या, वाळूमिश्रित लाटेत उतरणाऱ्याला ती लागू पडत नाही, आणि पाण्याने झालेला बिघाड कंपन्यांच्या साध्या वॉरंटीत सहसा बसत नाही. पावसाळ्यात हिंदमाता चौकात तुंबलेल्या पाण्यातून चालताना मात्र या बंदिस्तपणाचा आधार होतो, आणि आता तो तुलनेने स्वस्त फोनांतही मिळू लागला आहे.

महाग फोनच्या बाजूने खरा युक्तिवाद उभा राहतो तो आयुष्याच्या मुद्द्यावर. फोन बहुधा मोडून निकामी होत नाही. त्याची ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे सर्व ॲप ज्यावर चालतात ती मूळ प्रणाली, जुनी पडते आणि तिला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणे थांबते, मग बँकेचे ॲप एके दिवशी उघडेनासे होते. गूगलने ऑक्टोबर २०२३ मध्ये पिक्सेल ८ साठी आणि सॅमसंगने जानेवारी २०२४ मध्ये गॅलेक्सी एस२४ साठी सात वर्षे अशा दुरुस्त्या देण्याचे जाहीर केले. स्वस्त फोनांना त्या अनेकदा याच्या निम्म्या काळापुरत्याही मिळत नाहीत. बॅटरीचे आयुष्य चार्जिंगच्या आवर्तनांत मोजतात, आणि एकूण शंभर टक्के भरणा वापरून झाला की एक आवर्तन पूर्ण होते; आयफोन १५ पासून हजार आवर्तनांनंतर बॅटरीची क्षमता ८० टक्के राहते असे कंपनी सांगते, म्हणजे रोज एक आवर्तन धरले तर जवळजवळ तीन वर्षे, आणि त्यानंतर नवी बॅटरी टाकून फोन पुढे चालवता येतो. १,३४,९०० रुपयांचा फोन सात वर्षे वापरला तर त्याचा भार महिना सुमारे १,६०० रुपये पडतो, तोच दोन वर्षांत बदलला तर ५,६०० रुपये. पंचवीस हजारांचा फोन तीन वर्षे वापरणाऱ्याला महिना ७०० रुपयांहूनही कमी पडतात. महाग फोन किफायतशीर असतो हे विधान म्हणूनच अर्धेच खरे आहे: तो सात वर्षे ठेवला तर त्याची महागाई निवळते, मात्र जो ग्राहक पहाटेच्या रांगेत उभा राहतो तो फोन सात वर्षे ठेवणाऱ्यांपैकी क्वचितच असतो.

किमतीचा विचार ज्याने सर्वांत जास्त धूसर केला आहे ते साधन म्हणजे ‘नो कॉस्ट ईएमआय’, अर्थात बिनव्याजी म्हणून दाखवलेला मासिक हप्ता. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच शून्य टक्के व्याजाच्या योजनांना हरकत घेतली होती. तेव्हापासून व्याज आकारले जातेच, फक्त तेवढी सूट विक्रेता किंवा कंपनी मूळ किमतीत आधी देते. वर्षाला १५ टक्के दर आणि बारा हप्ते धरले तर १,३४,९०० रुपयांच्या फोनासाठी बँक सुमारे १,२४,५५० रुपयांचे कर्ज देते आणि त्यावर १०,३५० रुपये व्याज घेते. या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी साधारण १,८६० रुपये आणि वर प्रक्रिया शुल्क ग्राहकाच्या क्रेडिट कार्डाच्या बिलात येते. यात फसवणूक नाही, कारण हे सारे अटींत छापलेले असते. पण ज्याअर्थी कोणीतरी दहा हजारांची सूट सोसते, त्याअर्थी पूर्ण रक्कम एकदम देणाऱ्याने काउंटरवर तेवढीच सूट मागायला हरकत नाही, आणि रानडे रोडवर साडीच्या भावात घासाघीस करणारा दादरकर फोनच्या दुकानात मात्र ती का मागत नाही, हे एक कोडेच आहे. हप्त्याचा खरा परिणाम मानसिक आहे. सव्वा लाखावर विचार करणारे कुटुंब अकरा हजारांवर तितका विचार करत नाही.

उरलेला भाग प्रतिष्ठेचा. अमेरिकी विचारवंत थॉर्स्टीन वेब्लेन याने १८९९ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात प्रदर्शनी उपभोगाची कल्पना मांडली, म्हणजे काही वस्तूंची किंमत हाच त्यांचा उपयोग असतो, कारण ती दुसऱ्याला दिसते. गिरण्यांच्या जागी मॉल आणि कार्यालयांचे मनोरे उभे राहिलेल्या लोअर परळमध्ये शेजारच्या चाळीतून कामाला जाणारा तरुण आणि बाहेरून गाडीने येणारा अधिकारी एकाच लिफ्टमध्ये असतात, आणि दोघांच्या घरात जमीन-अस्मानाचा फरक असला तरी हातातला फोन एकच असू शकतो. या समतेला पोकळ म्हणून हिणवणे सोपे आहे. ज्याला नोकरीच्या पहिल्या दिवशी तिची गरज वाटते त्याला ती पोकळ वाटत नाही. तिची किंमत मात्र त्याने कॅमेऱ्याच्या खात्यावर लिहू नये.

इथे सोन्याशी तुलना सुचते, आणि झवेरी बाजार हाकेच्या अंतरावर असलेल्या गिरगावात ती अस्थानी नाही. दागिना मोडीत काढताना घडणावळ जाते, पण धातूचे वजन शिल्लक राहते. फोनात मात्र जवळपास सारी घडणावळच असते आणि खोक्याचे सील तुटताच तिची घसरण सुरू होते. ही घसरण पहिल्या वर्षा-दोन वर्षांत सर्वांत तीव्र असल्यामुळे, तिचा तोटा दुसऱ्याने सोसलेला फोन घेणे हा हिशेबी माणसाचा मार्ग ठरतो. लॅमिंग्टन रोड, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, आणि महात्मा फुले मंडईजवळचे मनीष मार्केट ही त्यासाठीची जुनी ठिकाणे आहेत. मात्र तेथे बिल आणि खोके मागणे, बॅटरी हेल्थ पाहणे आणि डिस्प्ले मूळचा आहे की बदललेला ‘कॉपी’ आहे हे विचारणे अत्यावश्यक असते. *#06# दाबल्यावर दिसणारा पंधरा आकडी आयएमईआय क्रमांक, जो प्रत्येक फोनाची स्वतंत्र ओळख असतो, तो केवायएम या तीन इंग्रजी अक्षरांपुढे लिहून १४४२२ या क्रमांकावर एसएमएसने पाठवला की फोन काळ्या यादीत आहे का ते कळते.

हा शेवटचा तपशील लालबागमध्ये विशेष महत्त्वाचा आहे, कारण विसर्जन मिरवणुकीनंतर काळाचौकी पोलीस ठाण्यात मोबाइल चोरीच्या तक्रारींसाठी दरवर्षी रांग लागते. चोरीस गेलेला फोन २०२३ पासून संचार साथी या सरकारी संकेतस्थळावर बंद करवता येतो, परंतु बंद झालेला फोन परत मिळेलच असे नाही, आणि विम्याच्या अनेक योजनांत गर्दीत खिशातून नकळत गेलेल्या फोनची भरपाई बसत नाही. त्यामुळे चौपट झूमचा फोन जेथे सर्वाधिक उपयोगी पडतो ती गर्दीच त्याला सर्वाधिक धोक्याची असते. त्यावर कमावणारे छायाचित्रकार तो मनगटाच्या पट्ट्याने बांधून ठेवतात. बाकीच्यांनी आदल्या वर्षीचा, सत्तर हजारांच्या आतला किंवा त्याच्याही निम्म्या किमतीचा फोन घेतला, तर त्यांच्या आयुष्यात उणे पडते ते केवळ दूरचे एक भिंग.