मातीवरची झळाळी

मातीच्या भांड्याला चकाकी दोन वाटांनी येते. ती वरून चढवता येते किंवा मातीच्या अंगातूनच काढता येते. 19व्या शतकाच्या आरंभी स्टॅफर्डशर आणि संडरलंडच्या इंग्रज कारखान्यांनी पहिली वाट धरली. झिलईदार भांड्यावर अम्लराजात विरघळवलेल्या सोन्याचा अगदी पातळ हात द्यायचा आणि ते पुन्हा कमी आचेवर भाजायचे. तांबूस मातीवर तो थर तांब्यासारखा दिसे, पांढऱ्या मातीवर गुलाबी. सोन्याऐवजी प्लॅटिनम घेतले की चहादाणी थेट चांदीची वाटे. खऱ्या चांदीचा संच न परवडणाऱ्या घरांत यामुळे थाट आला. संग्रहालये या लस्टर भांड्यांना शोभेच्या कलेत बसवतात, ते योग्यच आहे.

मग विदर्भाच्या महापाषाणयुगीन काळ्या-तांबड्या भांड्यांना तो मान का नाही? त्याच 19व्या शतकात रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्याने नागपूरजवळ जुनापाणीची शिळावर्तुळे उकरली. पुढे शां. भा. देव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टाकळघाट-खापा, माहुरझरी, नैकुंड येथे उत्खनने केली. इ.स.पूर्व पहिल्या सहस्रकातल्या या भांड्यांवर ना झिलई, ना धातू. भांडे अर्धवट सुकले की ते गुळगुळीत साधनाने घोटायचे. त्याने कण दबून पृष्ठभाग सपाट होतो आणि भाजल्यावरही तुळतुळीत राहतो. आतला काळा रंग आणि बाहेरचा तांबडा, हा हवा अडवण्या-सोडण्याचा खेळ. भांडी पालथी रचून तो साधला जाई, असे बरेच अभ्यासक मानतात. आच आणि हवा यांवर असा ताबा असणारा कारागीर मला सोने पातळ करणाऱ्या इंग्रज कारागिरापेक्षा तसूभरही कमी वाटत नाही.

यावर आक्षेप येईल की घोटाई पाणी झिरपू नये म्हणून होती. घोटलेले भांडे कमी झिरपते, हे खरे; आणि लस्टरचा थर निव्वळ दिसण्यासाठी असतो, हेही मान्य. पण पाणी अडवायला दोन रंगांची गरज नव्हती. तीच जोडी जागोजागी पुन्हा पुन्हा दिसते, तेव्हा तिला आवड म्हणावे लागते. दुसरा आक्षेप, ही दफनाची भांडी आहेत. पण खापा ही दफनभूमी असली, तरी शेजारचे टाकळघाट वसतीचे ठिकाण होते आणि अशी भांडी तिथेही मिळाली. म्हणजे ती जेवणाखाणातही होती. तिसरा आक्षेप, धातू नव्हता म्हणून मातीवर भागवले. माहुरझरीत घोड्यांच्या सांगाड्यांसोबत तांब्याचे अलंकार निघाले आहेत! तांबे घडवणाऱ्या लोकांनी मातीला मातीचाच रंग ठेवून घोटले, ही त्यांची निवड होती.

नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय, आपला अजब बंगला, 1863पासून उभे आहे. तिथे आणि विदर्भाच्या प्रत्येक दालनात अशा वाडग्याच्या पाटीवर स्थळ-काळासोबत आणखी एक ओळ यावी: ही चमक हाताने घोटून आणली आहे.