संगणकातली वेळ आणि रुग्णाचे नाव

अर्धांगवायूचा झटका आलेला रुग्ण दाखल झाला की डॉक्टर आधी विचारतात, ‘त्रास नेमका किती वाजता सुरू झाला?’ मेंदूच्या रक्तवाहिनीतली गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. उशीर झाला तर फायदा घटतो आणि मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. म्हणजे केसपेपरवरची वेळ औषधाइतकीच मोलाची. हा केसपेपर आता अनेक ठिकाणी संगणकात गेला आहे. तिथे वेळ आणि नाव या दोन साध्या नोंदी कशा साठवल्या जातात, हे सामान्य माणसालाही ठाऊक असायला हवे.

साडेपाच तासांचा फरक

बरेच डेटाबेस वेळ जागतिक प्रमाणवेळेत साठवतात आणि पडद्यावर दाखवताना त्यात भारतासाठी साडेपाच तास मिळवतात. ही बेरीज राहून गेली किंवा दोनदा झाली, तर होणारी चूक त्या साडेचार तासांच्या मर्यादेपेक्षाही मोठी असते. समजा, बाळाचा जन्म 1 जुलैला पहाटे 2.10 वाजता झाला. जागतिक वेळेनुसार तेव्हा 30 जूनचे रात्रीचे 8.40 वाजलेले असतात. प्रणालीने तिथून नुसती तारीख उचलली, तर बाळाची जन्मतारीख एक दिवस मागे जाते. हिपॅटायटिस-बीचा जन्मडोस 24 तासांच्या आत द्यायचा असतो. त्याचा हिशेबही मग चुकतो.

‘आयएसटी’ कोणाची?

आपल्याकडे आयएसटी म्हणजे भारतीय प्रमाणवेळ. पण इस्रायलची प्रमाणवेळ आणि आयर्लंडची उन्हाळी वेळही याच तीन अक्षरांनी लिहितात. जगभर वापरला जाणारा ‘पोस्टग्रेएसक्यूएल’ हा डेटाबेस मूळ मांडणीत आयएसटीचा अर्थ वर्षानुवर्षे इस्रायल असाच घेत आला. भारतीय अर्थ हवा असेल, तर तशी मांडणी निवडावी लागते. ती निवडली नाही तर ‘सकाळी 8, आयएसटी’ ही नोंद भारतातले साडेअकरा अशी वाचली जाते. दुपारी दीड वाजता आलेल्या रुग्णाचा त्रास साडेपाच तासांचा असतो, संगणक मात्र दोनच तास दाखवतो.

नाव पूर्ण लिहिले तरी अडचण संपत नाही. संगणकाची भाषा बदलली की वेळेचे नावही बदलते. इंग्रजीत एक, जर्मनमध्ये दुसरे, हिंदीत तिसरे. जुन्या सांकेतिक पद्धतीत लिहिलेले असे नाव डेटाबेसने ‘यूटीएफ-8’ समजून वाचले, तर अक्षरांचे कडबोळे होते किंवा नोंदच नाकारली जाते.

अक्षरांमागचे आकडे

संगणकाला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. युनिकोडमध्ये देवनागरीच्या मुख्य गटात 128 जागा आहेत. यूटीएफ-8 पद्धतीत इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरी चिन्हाला तीन. ‘ज्ञानेश्वर’ हे नाव डोळ्यांना चार अक्षरांचे दिसते. संगणकासाठी त्यात 10 चिन्हे आणि 30 बाइट असतात. रकाना 25 बाइटचा असेल तर नाव अर्धवट तुटते किंवा नोंद होत नाही. रकाना देवनागरीसाठी केलेलाच नसेल तर अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे उमटतात, आणि त्या प्रश्नचिन्हांतून मूळ नाव परत मिळवता येत नाही.

याहून फसवी अडचण डोळ्यांना दिसतच नाही. ‘कऱ्हाडे’ या आडनावातला अर्धा र दोन वेगळ्या प्रकारे टाइप करता येतो. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, आतले आकडे मात्र वेगळे असतात. शोधताना जुनी फाइल सापडत नाही, म्हणून नवी उघडली जाते. पेनिसिलीनच्या ॲलर्जीची नोंद जुन्या फाइलमध्येच पडून राहते.

उपाय अवघड नाही

औषधाच्या ब्रँडची नावे अनेक असली तरी मूळ औषधाचे नाव एकच असते. वेळेचेही तसेच करावे. आंतरराष्ट्रीय यादीत भारताच्या वेळेचे नाव ‘एशिया/कोलकाता’ असे आहे आणि संगणकाची भाषा बदलली तरी ते बदलत नाही. डेटाबेसमध्ये हेच नाव ठेवावे, पडद्यावर हव्या त्या भाषेत दाखवावे. सगळीकडे यूटीएफ-8 वापरावे आणि रुग्णाची ओळख केवळ नावावर न ठेवता क्रमांकावर ठेवावी. 14 अंकी ‘आभा’ क्रमांकाचा उपयोग इथेच होतो.

रुग्णांनी आणि नातेवाइकांनी एवढे जरूर करावे:

- डिस्चार्ज कार्डावरचे नाव, जन्मतारीख आणि वेळ घरी जाण्यापूर्वी वाचून पाहावी. चूक दिसल्यास लगेच दुरुस्त करून घ्यावी.
- प्रत्येक वेळी नावाचे स्पेलिंग एकच ठेवावे.
- ॲलर्जी असेल तर ती डॉक्टरांना तोंडी सांगावी. ‘संगणकात असेलच’ असे गृहीत धरू नये.
- परदेशातल्या मुलांशी औषधाची किंवा ऑनलाइन तपासणीची वेळ ठरवताना ‘पुण्याचे सकाळचे नऊ’ असे गावाच्या नावासह सांगावे.
- झटका आल्यास घड्याळ पाहून वेळ कागदावर लिहून ठेवावी. रुग्णालयात तो कागद दाखवावा.