जुन्या एसीचा दिवा लुकलुकू लागला तर

एप्रिल संपत आला की आपल्या मंडळातल्या ज्येष्ठांच्या बोलण्यात एक तक्रार हमखास येते. एसी लावला, थोडा वेळ चालला, दिवा लुकलुकू लागला आणि थंड हवा बंद झाली. मिस्त्री आला, 'गॅस खतम हो गई' म्हणाला, गॅस भरून पैसे घेऊन गेला. पंधरा-वीस दिवसांनी दिवा पुन्हा लुकलुकतोच. बालाघाटच्या बऱ्याच घरांतले एसी आता दहा-बारा वर्षांचे झाले आहेत. मुले पुण्याला नाहीतर बंगळुरूला, घरात दोघेच. मशीनबरोबर आलेले पुस्तक कुठे ठेवले ते आठवत नाही. आणि नवतप्यात दोन दिवस एसी बंद राहणे ही सत्तरीच्या माणसासाठी नुसती गैरसोय नसते. म्हणून हा दिवा काय सांगतो आणि काय सांगत नाही, ते इथे मांडत आहोत.

ज्यांची मुले अमेरिकेत किंवा युरोपात आहेत त्यांनी फोनवर 'हीट पंप' हा शब्द ऐकला असेल. आपला एसी म्हणजे तोच. तो थंडी तयार करत नाही, खोलीतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. हॉट अँड कोल्ड मॉडेल असेल तर हिवाळ्यात हेच काम उलटे, बाहेरची उष्णता आत. दीड टनाचा एसी दीड युनिट वीज खाऊन साधारण पाच युनिट उष्णता बाहेर नेतो. (टन हा शब्द बर्फाच्या जमान्यातला. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तेवढी क्षमता म्हणजे एक टन. एसीच्या वजनाशी त्याचा संबंध नाही.)

ही उष्णता आतल्या कॉइलमधून बाहेरच्या कॉइलकडे नीट जाते आहे की नाही, हे पाहण्यासाठी मशीनमध्ये छोटे सेन्सर असतात. एक खोलीचे तापमान मोजतो, एक आतल्या कॉइलचे. इन्व्हर्टर एसीत बाहेरच्या युनिटमध्ये आणखी काही असतात, शिवाय बोर्ड करंट आणि व्होल्टेजही पाहतो. मोजलेला आकडा ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला की बोर्ड मशीन थांबवतो आणि दिवा लुकलुकवतो. म्हणजे दिवा 'कॉइल फार गार झाली' किंवा 'सेन्सरचा आकडाच येत नाही' एवढेच सांगतो. तसे का झाले, हे त्याला माहीत नसते. कॉइल फार गार होण्यामागे गॅस कमी असणे हे एक कारण झाले. धुळीने बंद झालेली जाळी, न फिरणारा आतला पंखा आणि बिघडलेला सेन्सर हीही कारणेच आहेत.

म्हणून पहिले काम बंद करण्याचे नाही, मोजण्याचे आहे. कोणता दिवा लुकलुकतो, किती वेळा लुकलुकून थांबतो, की आकड्यांच्या जागी ई किंवा एफ अक्षर आणि एखादा अंक दिसतो, हे कागदावर लिहावे, किंवा मोबाइलवर अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ घ्यावा. आपण घाईने स्विच बंद करतो आणि खूण पुसली जाते. मग मेकॅनिक आला की मशीन शहाण्यासारखे चालते. खूण टिपली की एमसीबी बंद करून दहा मिनिटे थांबावे आणि पुन्हा चालू करावे. लाइट जाऊन आल्यावर कॉम्प्रेसर तीन ते पाच मिनिटे मुद्दाम सुरू होत नाही, ती त्याच्या रक्षणाची सोय आहे. त्या वेळात रिमोटची बटणे दाबत बसू नये.

या खुणांचा अर्थ प्रत्येक कंपनीचा वेगळा. शेजाऱ्यांच्या एसीवर ई१ म्हणजे एक दोष असेल, तर आपल्यावर दुसराच. पुस्तक हरवले असेल तर युनिटच्या बाजूला किंवा खाली चिकटवलेल्या स्टिकरवर मॉडेल नंबर असतो. त्यावरून कंपनीच्या वेबसाइटवर पुस्तक मिळते, नातवंडांना सांगितले तर पाच मिनिटांचे काम. आणि प्रत्येक दिवा दोषाचा नसतोच. टायमर चुकून लागला तरी दिवा लागतो. काही मॉडेलांत ठरावीक तास चालल्यावर जाळी धुण्याची आठवण करणारा दिवा लागतो. बैहर-कान्ह्याकडे कडाक्याच्या थंडीत हॉट अँड कोल्ड एसी लावणाऱ्यांना मशीन मध्येच थांबून बाहेरच्या युनिटमधून वाफ निघताना दिसेल. बाहेरच्या कॉइलवर जमलेले दव गोठले की मशीन स्वतःच ते वितळवते आणि काही मिनिटांनी गरम हवा परत सुरू होते. त्याला मिस्त्री लागत नाही.

खऱ्या दोषांत सर्वांत मोठा वाटा आमच्या मते हवेचा आहे. आतली जाळी उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवावी. पण बाहेरच्या युनिटकडे कोणी बघत नाही. आपला जिल्हा धानाचा. घराजवळ राइस मिल असेल तर कोंड्याची धूळ त्या पत्र्यांच्या फटींत गच्च बसते. त्यात कोणी ऊन लागू नये म्हणून युनिटवर ताडपत्री टाकतो, कोणी समोर कुंड्या मांडतो, कबुतरे घरटे करतात. उष्णता बाहेर टाकायला जागाच नसेल तर दाब वाढतो आणि मशीन थांबते. दुपारी दोनला बंद पडणारा आणि रात्री नीट चालणारा एसी दिसला की आधी बाहेरची कॉइल पाहावी. ती गच्चीवर किंवा कठड्याबाहेर टांगलेली असेल तर स्वतः चढू नये.

दुसरा संशयित व्होल्टेज. नाव २३० व्होल्टचे, पण संध्याकाळी गल्लीतले सगळे कूलर, पंप आणि एसी एकदम लागले की आकडा खाली येतो. स्टॅबिलायझरवर आकडा दिसत असेल तर दिवा लुकलुकतो त्याच वेळी तो पाहून लिहावा. स्टॅबिलायझरच कट मारत असेल तर एसी उघडून उपयोग नाही. रोज ठरावीक वेळी असे होत असेल तर १९१२ वर तक्रार नोंदवावी आणि तक्रार क्रमांक जपून ठेवावा.

आता गॅसकडे येऊ, कारण पैसे इथेच जातात. एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळत नाही. तो बंद नळ्यांत फिरत राहतो, आतल्या कॉइलमध्ये उष्णता घेतो, बाहेरच्या कॉइलमध्ये सोडतो. बँकेच्या भाषेत तो मुद्दल आहे, खर्चायची रक्कम नव्हे. दहा वर्षे मशीन चालले तरी कमी व्हायला नको. कमी झाला असेल तर गळती आहे, बहुधा नळ्यांच्या जोडावर किंवा कॉइलला पडलेल्या बारीक छिद्रातून (तांबे मलाजखंडचे असो की चिलीचे, ओल आणि रसायने त्याला खातातच). गळती न शोधता भरलेला गॅस त्याच वाटेने जाणार. 'दर उन्हाळ्यात थोडा गॅस टाकावाच लागतो' हे वाक्य ऐकले की सावध व्हावे.

नीट काम करणारा मेकॅनिक आधी नायट्रोजनचा दाब देऊन आणि साबणाचे पाणी लावून गळती शोधतो, जोड दुरुस्त करतो, व्हॅक्यूम पंप लावून नळ्यांतली हवा आणि ओल काढतो, आणि मग वजनकाट्यावर मोजून गॅस भरतो. कोणता गॅस आणि किती, हे बाहेरच्या युनिटच्या स्टिकरवर लिहिलेले असते. जुन्या मशीनमध्ये आर-२२, नंतरच्यांत आर-४१०ए किंवा आर-३२. एकाच्या जागी दुसरा चालत नाही. ओझोनला घातक म्हणून आर-२२ हा १९८७ च्या मॉन्ट्रियल कराराखाली जगभर बंद होत चालला आहे. आर-३२ थोडाफार पेट घेणारा आहे, तेव्हा गळती असलेल्या खोलीत खिडक्या उघडाव्यात, काडी ओढू नये, आणि गॅस आत असताना कोणाला नळीवर झाळकाम करू देऊ नये.

आतल्या कॉइलवर किंवा नळीवर बर्फ दिसला तर थंडी बंद करून फक्त पंखा चालू ठेवावा, बर्फ वितळू द्यावा, जाळी धुवावी आणि पुन्हा लावून पाहावे. पुन्हा बर्फ जमला तरच गॅसचा विषय काढावा. सेन्सर हा स्वस्तातला भाग आहे, त्याची तपासणी गॅसच्या आधी करायला सांगावी.

यापुढे आपण हात लावू नये. बाहेरच्या युनिटमधला कपॅसिटर वीज बंद केल्यावरही झटका देतो. जळका वास आला, टॉप काळवंडला किंवा एमसीबी पुन्हा पुन्हा पडू लागली तर मशीन बंदच ठेवावे. पडते म्हणून मोठी एमसीबी बसवणे म्हणजे भिंतीतली वायर जळायला मोकळी सोडणे. पावसाळ्यात बोर्डवर पाल शिरून शॉर्ट होणे हेही आपल्याकडे नवीन नाही.

दुरुस्ती की नवीन, याचा हिशेब मशीन पाहून करावा. सेन्सर, कपॅसिटर, पंख्याची मोटर यांसाठी जुने मशीन टाकू नये. दहा वर्षांपुढच्या मशीनचा कॉम्प्रेसर गेला, किंवा कॉइलच गळू लागली, तर आम्ही नवीन घ्या असे म्हणू. त्याआधी बिल आणि हमीपत्र शोधावे. बऱ्याच कंपन्या कॉम्प्रेसरवर दहा वर्षांची हमी देतात, मात्र गॅस आणि मजुरी त्यात बहुधा येत नाही. बाहेरच्या मिस्त्रीने मशीन उघडले तर हमीवर वाद होऊ शकतो, म्हणून हमी चालू असेल तर कंपनीच्याच सेवा केंद्राला बोलवावे. गॅस भरला तर पावतीवर गॅसचे नाव, ग्रॅम आणि गळती कुठे सापडली, हे लिहून घ्यावे.

मेकॅनिक दुसऱ्या दिवशी येणार असेल तर घरातल्या वयस्क माणसांना खालच्या मजल्यावर, कूलर असलेल्या खोलीत हलवावे. पारा चाळीसच्या पुढे असताना बंद खोलीतला नुसता पंखा गरम हवाच फिरवतो. घोटघोट पाणी, मीठ-साखरेचे सरबत, अंगावर ओला पंचा. कोणी असंबद्ध बोलू लागले, किंवा अंग तापून ग्लानी आली, तर लगेच १०८ ला फोन करावा आणि गाडी येईपर्यंत अंग ओले ठेवून वारा घालत राहावे.